बिनहातांची खुर्ची

वांडाने खुर्ची उलटी करायला हात घातला तशी लॉइसने टेबलावरचे कॉफीचे कप घाईघाईने उचलले, जणू खुर्ची आता उठून पळतच सुटणार होती.

"सांभाळून हं," हॅरल्ड म्हणाला. "एकशे सदुसष्ट वर्षांची आहे ती."

"तेच तर बघायला बोलावलंय ना मला?" वांडा म्हणाली आणि तिने खुर्ची गोधडीवर पालथी घातली.

बोलावले होते ते मात्र हॅरल्डने नव्हे. बुधवारी तिच्या खुर्च्यांना गाद्या चढवायच्या दुकानातला फोन वाजला आणि पलीकडून अलिडाआत्याचा शाळामास्तरणीचा खणखणीत आवाज आला, "शनिवारी ये. हत्यारं घेऊन ये." तीस वर्षांत आत्याने तिच्या दुकानात फोन केला नव्हता, की दुकानाची पायरी चढली नव्हती. वांडाच्या नवऱ्याच्या, रॉजरच्या अंत्यविधीलासुद्धा आत्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि कुणाशी न बोलता निघून गेली. रॉजर आणि हॅरल्ड चुलतभाऊ, दोघेही तिच्या सख्ख्या भावांची मुले.

आता एकोणनव्वदाव्या वर्षी आत्या हे घर सोडून वृद्धनिवासात चालली होती. तिथे एक खोली मिळणार, तिच्यात बैठकीच्या खोलीतल्या या दोन खुर्च्या मावणार नव्हत्या. एक हातांची, उंच पाठीची, पुरुषाची. दुसरी बिनहातांची, बुटकी, बाईची, घोळदार झग्याला अडचण होऊ नये अशी. हार्मन बाउमाच्या आईने त्या डच मुलखातल्या फ्रीजलँडहून जहाजातून अमेरिकेत आणल्या, तेव्हा हार्मन तीन वर्षांचा होता, असे बाउमा घराण्यात प्रत्येक मूल चालायला शिकण्याआधी शिकायचे. हॅरल्डने खटपट करून वसाहतकारांच्या संग्रहालयाशी बोलणे केले होते. पहिल्या जहाजातल्या घराण्यांचे दालन उघडणार, खुर्च्यांखाली बाउमांच्या नावाची पितळी पाटी लागणार. सोमवारी सकाळी दहाला त्यांची गाडी येणार होती. फक्त त्यांना खुर्च्यांचे वय आणि मूळ सांगणारे एक पान हवे होते, जाणकाराच्या सहीचे. आणि सगळ्या ग्रँड रॅपिड्समध्ये जुन्या खुर्च्यांची पोटे वांडाइतकी कुणी फाडली नव्हती.

आत्या खिडकीशी पांघरूण घेऊन बसली होती. गालात पेपरमिंटची गोळी. "मला दिसेल असं कर," ती म्हणाली.

वांडाने हातांच्या खुर्चीखालचे काळे कापड सोडवले आणि विजेरी आत धरली. उजेड इकडून तिकडे फिरवत ती लाकूड निरखत राहिली. हॅरल्डला धीर धरवेना.

"काय?"

"लाकूड काळ्या अक्रोडाचं आहे."

"मग? अक्रोड तिकडेही होतो."

"होतो. पण तो फिकट, राखट. हा बघ, चॉकलेटसारखा गडद, जांभळट झाकेचा. हे झाड इथलं आहे, हॅरल्ड. हे आपल्या नदीकाठी वाढतं."

"लाकूड इथून तिकडे जातही असेल."

"जाईल की. आणि तिथून खुर्ची होऊन परत येईल. भारी हौशी लाकूड म्हणायचं."

लॉइस फसकन हसली आणि नवऱ्याकडे बघून तिने हसू गिळले. हॅरल्ड तीन वेळा चर्चच्या कारभारी मंडळात वडील म्हणून निवडून आलेला माणूस, त्याला थट्टेची सवय नव्हती.

"आत्या, इथे बघा," वांडाने बैठकीच्या चौकटीतल्या पाट्याच्या आतल्या अंगावर उजेड तिरका पाडला. कमानीसारख्या बारीक रेघा उठून दिसल्या, एकीशेजारी एक. "गोल करवतीच्या खुणा. हातकरवत सरळ ओरखडते, ही गोल फिरते. म्हणजे कारखाना. आणि प्रत्येक तुकड्यावर हा अकराचा शिक्का. हात, पाय, पाठ, सगळ्यांवर अकरा. एका वेळी वीस खुर्च्यांचे भाग कापायचे, ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. स्क्रूचं टोकही अणकुचीदार, आटे एकसारखे. अठराशे सत्तर ते ऐंशी. मी तर म्हणेन पंच्याहत्तरच्या आसपास."

"कुठला कारखाना?" आत्याने विचारले. तिचा आवाज अजिबात हललेला नव्हता. वर्गात कुणी नवीन गणित सोडवले की विचारावे, तशी ती विचारत होती.

"ते सांगता येणार नाही. पण इथून दोन-तीन मैलांच्या पलीकडचा नसावा. आणि ही विकायला ठेवलेली खुर्ची नव्हे. ही पाठीवरची चीर बघा. ती तेव्हाचीच, सरस भरून घासलेली. असा माल कारखाना कामगारालाच देऊन टाकायचा."

"आजोबा कोरीवकाम करायचे कारखान्यात," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं."

"कारखान्यात करायचे, हे खरं," हॅरल्ड म्हणाला. "पण खुर्च्या जहाजातून आल्या. वडिलांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं."

"माझ्या आजोबांनी कधीच सांगितलं नाही," आत्या म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. "मी विचारलं होतं. चार-पाच वर्षांची असेन. या बुटक्या खुर्चीवर चढून बसले आणि विचारलं, ही कुठून आली? त्यांनी मला उचलून खाली ठेवलं आणि म्हणाले, सूप संपव. मग जहाजाचं सगळं बाबांनी सांगितलं."

बाउमांच्या घरात एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती. उत्तर मिळाले नाही की आपणच एखादे चांगलेसे उत्तर ठरवायचे आणि त्यावर तीन पिढ्या काढायच्या. वांडाला हे लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षातच कळले होते. ती नदीपलीकडच्या पोलिश वस्तीतली, कॅथलिक. तिच्या माहेरी एका प्रश्नाला पाच जण एकदम ओरडून उत्तर द्यायचे.

"बरं, ही कारखान्याची निघाली," हॅरल्डने हातांची खुर्ची बाजूला सारली. "मग ती बुटकी जहाजातली असेल. नंतर तिला जोड म्हणून ही घेतली असेल. असं होऊ शकतं की नाही?"

"होऊ शकतं," वांडा म्हणाली, कारण खरेच होऊ शकत होते.

लांबून जोडी शोभत होती. दोन्ही पाठींवर द्राक्षांचा घोस, दोन्ही बाजूंना पाने. पण वांडा गुडघ्यांवर बसून बुटक्या खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवू लागली तेव्हा तिचा श्वासच मंद झाला. मोठ्या खुर्चीवरची पाने एकमेकांची आरशातली छबी होती. इथे डावे पान जरा रुसल्यासारखे वळले होते. घोसात एका बाजूला नऊ द्राक्षे, दुसऱ्या बाजूला दहा. आणि कोरीव इतके खोल, की पानाखाली नखाचे टोक जात होते.

"कारखान्यात एवढा वेळ कुणी देत नाही," ती हळूच म्हणाली. "ही एकाच हाताची आहे. एकट्या माणसाच्या."

तिने पायाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, चाकूच्या टोकाने रंग किंचित खरवडला. खाली तांबूस लाकूड. "चेरी. वरून अक्रोडाचा रंग दिलाय."

"फ्रीजलँडमध्ये चेरी असते," हॅरल्ड लगेच म्हणाला.

"असते. आतून बघायला हवं. पण खालून फळी ठोकलीय, ती काढायला गेले तर फुटेल. वरून, बैठकीतूनच शिरायला लागेल."

"नाही. मुळीच नाही. परवा गाडी येतेय. उघडली तर बंद कधी करणार तू?"

"पूर्ण एक दिवस लागतो."

"म्हणजे झालंच. त्यांना म्हणावं, एक कारखान्याची, एक जुनी. पुरे."

"वांडा," आत्या म्हणाली, "उघड."

"आत्या, अगं..."

"हॅरल्ड, मी एकोणनव्वद वर्षांची आहे. सूप संपवलंय मी. आता मला कळू दे."

वरचे मोहरीच्या रंगाचे मखमली कापड बासष्ट सालचे, त्याखाली हिरवे, त्याखाली काळे, घोड्याच्या केसांचे. वांडा एकेक खिळा उपसून डबीत टाकत होती आणि मनातल्या मनात आधीच्या गादीवाल्यांना लाखोली वाहत होती. जुने न काढता त्यावरच नवे चढवायचे म्हणजे कामचुकारपणाच की. मग तिच्या लक्षात आले, तसे सांगितले बाउमांनीच असणार. धडधाकट कापड फेकून द्यायचे म्हणजे पापच.

"तुमच्याकडे काही टाकत नाहीत म्हणून बरं," ती म्हणाली. "आत अजून कुणीच शिरलेलं नाही."

लॉइस आता तिच्या शेजारी जमिनीवर बसली होती आणि विजेरी तिच्या हातात होती. हॅरल्ड येरझाऱ्या घालत होता. काळे कापड निघाले, केसांचे बोचके निघाले, पट्टे सैल झाले. मागचा पाटा उघडा पडला. पाइनची स्वस्त फळी, तिच्यावर काळ्या शाईत छापलेली अर्धी अक्षरे.

"हे आपल्या गावाचं नाव," लॉइस म्हणाली. "अर्धं. हॅरल्ड, ये बघ. खोक्याची फळी आहे ही. माल पाठवायच्या खोक्याची."

हॅरल्ड आला, वाकला, वाचले आणि आत्यासमोरच्या स्टुलावर बसला. पहिल्या जहाजाच्या दालनातली पितळी पाटी गेली, हे त्याच्या चेहऱ्यावर इतके स्पष्ट दिसत होते की वांडाला त्याची दयाच आली.

"थांब," लॉइस म्हणाली. "पुढच्या पाट्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय."

गादीवाले आत नाव-तारीख लिहून ठेवतात, वांडाने शेकडो वाचली होती. रॉजर तर हवामानसुद्धा लिहायचा. पण हे नावापुरते नव्हते. पाट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार ओळी होत्या, बारीक, डच भाषेत. वांडा आणि लॉइसने खुर्चीचा सांगाडा उचलून खिडकीशी नेला. आत्याने चष्मा पुसला, भिंग घेतले. ती आधी मनात वाचू लागली. अर्ध्यावर थांबली. मग परत पहिल्यापासून वाचू लागली.

"मोठ्याने वाच ना, आत्या," हॅरल्ड म्हणाला.

"वाचते." तिने गालातली गोळी काढून रुमालात ठेवली. "'घरभेटीला चर्चची वडील मंडळी आली तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि चित्स्के तासभर उभी राहिली, सहा दिवसांच्या बाळंतपणात. घरात दुसरी खुर्ची नाही. सहा दिवस माझे हात कारखान्याचे, म्हणून ही मी रविवारी केली, तळघरात, दोन हिवाळे. देवाला माहीत आहे. माणसांना सांगणार नाही. हार्मन बाउमा, एप्रिल अठराशे अठ्ठ्याहत्तर.'"

रस्त्यावरून पाने गोळा करणाऱ्या माणसाच्या यंत्राचा आवाज येत होता.

रविवार देवाचा, त्या दिवशी काम करणे पाप, म्हणून हार्मन बाउमाच्या घरात रविवारी कात्री वापरत नसत. बटाटे शनिवारी रात्री सोलून पाण्यात ठेवत. सायकलला हात लावत नसत. हे नियम त्याने घातले होते आणि त्याच्या नावाने ते चार पिढ्या चालले. आणि तीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, चर्चमधून परतताना, अलिडाआत्याने रॉजरच्या दुकानात दिवा पाहिला होता. एक गिऱ्हाईक पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर सोमवारी घरी यायचे होते, त्याला साध्या खुर्चीत बसता येत नव्हते, रॉजर त्याची खुर्ची पुरी करत होता. आत्याने चर्चच्या वडील मंडळींना कळवले. पुढच्या आठवड्यात दोघे जण जाब विचारायला घरभेटीला आले. त्यांतला तरुण तो हॅरल्ड.

"हे बघा," हॅरल्ड घसा साफ करत म्हणाला, "आपण हे परत झाकू या. बोलायचं कशाला? म्हाताऱ्या माणसाचं नाव आहे गावात."

"हॅरल्ड," लॉइस म्हणाली, "एकेचाळीस वर्षं तू मला रविवारी कपडे धुऊ दिले नाहीस. तीन पोरांचे लंगोट मी सोमवारपर्यंत बादलीत ठेवायची. आणि म्हणे झाकू या!"

"ते वेगळं."

"काय वेगळं? त्याची बायको उभी होती, त्याला बघवलं नाही. मी वर्षानुवर्षं वास घेतला, तुला बघवलं!"

हॅरल्डने आत्याकडे आधारासाठी पाहिले. आत्या अजून त्या पाट्यावर हात ठेवून होती. ती बोलली ती वांडाकडे बघून.

"मी कळवलं होतं. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मला वाटलं, आजोबांनी हेच केलं असतं. त्यांनी एकदा माझ्या हातातून कात्री काढून घेतली होती, रविवारी. मी कागदाच्या बाहुल्या कापत होते. मला वाटलं, असंच करायचं असतं, प्रेमाच्या माणसांशी." तिचा आवाज आता हलला. "माझं चुकलं. रॉजरच्या बाबतीत माझं चुकलं, वांडा."

वांडाला वाटले होते, हे शब्द कधी कानावर पडले तर आपल्याला हलके वाटेल. उलट तिला संताप आला, इतका, की हातातली पटाशी तिने खाली ठेवली.

"आता सांगताय? सहा वर्षं झाली त्याला जाऊन. तुम्हाला ठाऊक आहे का, त्यानंतर त्याने रविवारी कधी हत्यार उचललं नाही? चर्च सोडलं, पण रविवारी दुकानात जायचा आणि हात मांडीवर ठेवून नुसता बसायचा. संध्याकाळपर्यंत. मी म्हणायची, अरे, कर काहीतरी, नाहीतर घरी ये. तो म्हणायचा, आत्या म्हणते ते बरोबरच असेल." तिला रडू आले आणि तिने ते पुसले नाही. "मला ते बघवायचं नाही."

आत्याने मान खाली घातली. स्वतःच्या बाजूने ती एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर वांडा हत्यारांची पेटी उचलून निघून गेली असती.

शेवटी हॅरल्डच म्हणाला, पडेल आवाजात, "मी संग्रहालयाला फोन करतो. पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगतो. चार वाजलेत, उद्या रविवार. खुर्ची काही परवापर्यंत होत नाही."

"फोन करायचा नाही," आत्या म्हणाली. "ते सोमवारीच येतील. त्यांना दालनात ठेवायची तर ठेवतील, नाहीतर नाही. पण खुर्ची या ओळी वाचता येतील अशी बंद करायची, आणि पानावर खरं लिहायचं. उद्या."

"मी रविवारी दुकान उघडत नाही, आत्या," वांडा म्हणाली. "त्याच्यासाठी."

"माहीत नव्हतं मला." आत्या थोडी थांबली. "मग दुकान मी उघडते. तू फक्त कसं करायचं ते सांग. हात माझे."

"तुमच्याच्याने हातोडी उचलवणार नाही."

"बघू या ना."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुटल्यावर साडेअकराला लॉइसची गाडी दुकानासमोर उभी राहिली. हॅरल्ड नव्हता. खुर्चीचा सांगाडा वांडाने कालच दुकानात आणून ठेवला होता. ती कॅथलिक चर्चमधली पहाटेची मिसा करून आली होती आणि दुकान उघडायचे की नाही हे अजून तिने ठरवले नव्हते. तिने दार आतून नुसते लोटून घेतले होते, खिडकीचा पडदा खाली होता.

आत्या चर्चच्याच टोपीत आली, निळी, पिसाची. लॉइसने दंडाला धरले होते. उंबऱ्याशी ती थबकली आणि आत बघत राहिली, कापडांच्या गठ्ठ्यांकडे, भिंतीवरच्या हत्यारांकडे, जिथे ती तीस वर्षांत आली नव्हती.

"तो कुठे बसायचा?"

वांडाने खिडकीजवळचे ठेंगणे बाक दाखवले. आत्या गेली आणि त्यावर बसली. हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग तिने हात पुढे केला, आणि वांडाने, आपण काय करतोय हे नीट कळायच्या आत, त्या हातात छोटी हातोडी दिली.

पुढच्या पाट्यावर लिहिलेल्या ओळींच्या वरून पट्टा घ्यायचा, अक्षरे मोकळी सोडायची. वांडाने पट्टा ताणून धरला, खिळा बोटांत उभा धरला. "हळूच मारा. माझं बोट आहे."

बाहेर चर्चमधून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्या याच रस्त्याने जायच्या. एकेक ओळखीची, चाळीस-चाळीस वर्षे शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांची.

आत्याने हातोडी उचलली, आणि तशीच अधांतरी धरली.

"लॉइस," ती म्हणाली, "तो पडदा वर कर."